फ्लॅट, लेव्हल आणि राहिलेला चर

अण्णा, भेटायला येणारी माणसं अजून थांबलेली नाहीत. वहिनी भिंतीला टेकून बसते, मी चहाचं बघते, आणि येणारा प्रत्येक जण सतरंजीवर टेकल्या टेकल्या तेच म्हणतो, "सर लई सरळ माणूस." मी मान हलवते. वहिनी डोळ्याला पदर लावते. आणि माझ्या मनात येतं, आत्ता तू असतास तर त्या बिचाऱ्याचा चहा गार होईपर्यंत त्याला विचारत बसला असतास, की सरळ म्हणजे नेमकं कसा? ताणलेल्या दोरीसारखा की रोवलेल्या खांबासारखा? दोरी सरळ असून आडवी असते, खांब सरळ असून उभा असतो, मग तुम्हाला यातलं काय म्हणायचंय? तो माणूस काहीतरी कारण काढून उठून गेला असता.

मला तसं उठून जाता आलं नाही कधी. मी तुझी धाकटी बहीण, एकाच गावात, एकाच रानात, जाणार कुठं? आता तूच उठून गेलास, आणि तेही वाद अर्ध्यात टाकून. लोकांना वाटतं सुमनबाई रडून रडून गप्प झाल्यात. मी रागानं गप्प आहे, अण्णा. कुणाला सांगताही येत नाही, कारण मेलेल्या माणसावर रागावलं की लोक आपल्याला पाणी आणून देतात.

वाद किती जुना आहे ते आठवतं का तुला? मी दहावीला होते. तू नुकताच भालकीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागला होतास आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की बसनं खटकचिंचोळीला यायचास. माझं इंग्रजी म्हणजे आनंदच होता. तू म्हणालास, फ्लॅट आणि लेव्हल या दोन शब्दांतला फरक सांग. मी म्हणाले, फरक कसला, दोन्ही म्हणजे सपाट. तू म्हणालास, चूक. मी उठून शब्दकोश आणला आणि तुझ्या नाकासमोर धरला. दोन्हीकडं सपाट, समतल असंच दिलं होतं. तू तो बघितलासुद्धा नाहीस. "कोश लिहिणाऱ्याच्या रानात पाणी साठत नसंल," म्हणालास.

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तू तिच्या समोरची काठवट उचललीस आणि मला विचारलंस, ही फ्लॅट हाय का? मी म्हणाले, व्हय. मग तू ती एका बाजूनं वर केलीस. आता फ्लॅट हाय का? व्हय. लेव्हल हाय का? मी उत्तर देणार तोवर पीठ घसरून मायच्या मांडीवर आलं होतं. मायनं तुला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. तुझं इंग्रजी गोठ्यात नेऊन म्हशीला शिकव, एवढं त्यातलं सौम्य होतं. अप्पा दारात बसून हसत होते. मायनं पीठ झाडलं, काठवट खाली आपटली आणि उरलेल्या भाकरी रागारागात इतक्या जाड थापल्या की त्या दिवशी कोरड्यास कमी पडलं.

पण फरक माझ्या डोक्यात पक्का बसला, हे कबूल करते. फ्लॅट म्हणजे अंगावर उंचवटे-खड्डे नसणं. ती ज्याची त्याची गोष्ट. भिंत उभी असते, तरी फ्लॅट असते. घसरगुंडीची फळी कलती असते, तरी फ्लॅट असते. आणि लेव्हल म्हणजे कुठल्या बाजूला कलतं न राहणं, मग अंगावर ढेकळं का असेनात. नांगरलेलं रान लेव्हल असू शकतं, फ्लॅट नसतं. हे सगळं सांगून झाल्यावर तू एक वाक्य टाकलं होतंस, आणि तेव्हा मला ते तुझं नेहमीचं मास्तरी वाक्य वाटलं होतं. तू म्हणालास, "फ्लॅटला कुणी लागत न्हाई, सुमे. ते एकटं असू शकतंय. लेव्हलला दुसरं कुणीतरी लागतंय. पाणी तरी, न्हाईतर शेजारी तरी."

पुढं तुझी ती पाणसळ आली. शाळेची नवी खोली बांधताना गवंड्यानं टाकून दिलेली, एका कडेचा टवका उडालेली वीतभर लाकडी पट्टी. मधे काचेची नळी, नळीत पिवळं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. गवंडी भिंत धरताना वापरतात तीच. तू ती पिशवीत घेऊन फिरायचास, आणि कुणाच्याही घरी गेलास की टेबलावर, कट्ट्यावर, देवाच्या पाटावर ठेवून बघायचास. पोरं तुला मागून लेव्हल सर म्हणायची. तुला ते माहीत होतं आणि तुला ते आवडायचं. माझ्या लग्नात मांडवात जेवणाची टेबलं लागली तर तू व्याह्यांसमोर पाणसळ काढलीस आणि त्यांना वाटलं काही तपासायला आलेला सरकारी माणूस आहे.

लग्न फार टिकलं नाही, नवरा गेला, मी परत आले. त्या वर्षाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. मी गावच्याच शाळेत लहान वर्गांना शिकवायला लागले. अप्पा गेल्यावर रानाची वाटणी करायची वेळ आली तेव्हा भावकीतले दोघं-तिघं ओसरीवर येऊन बसले होते. बहिणीला शेर-पायली धान्य देऊन मोकळं व्हायचं सोडून अर्धं रान कामून देतोस, असं त्यांचं म्हणणं होतं. मी आत होते, सगळं ऐकू येत होतं. तू एवढंच म्हणालास, "सुमी माझ्या लेव्हलला राहणार." त्यांना कळलं का माहीत नाही. मला कळलं. त्यासाठी मी तुझे उपकार मानले आणि आजही मानते. वर तूच म्हणालास, ओढ्याकडची खालची बाजू घे, तिथली माती खोल आहे, वरची मी ठेवतो. चांगलं तेच मला दिलंस.

आणि तिथंच आपला खरा वाद सुरू झाला.

आपलं रान बघणाऱ्याला परातीसारखं सपाट दिसतं. पश्चिमेकडची वरची बाजू तुझी, पूर्वेकडची माझी, मधे बांध नाही. पाऊस बेताचा असला की माझी बाजू झकास येते. पाऊस जास्त झाला की तुझ्या रानातलं सगळं पाणी चालत येऊन माझ्या रानात मुक्कामाला बसतं. सोयाबीन पिवळं पडतं. तुरीची मुळं कुजतात. मी पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत नशिबाला बोल लावला. मग वाटलं, रान उंचसखल असेल, म्हणून तू उदगीरला लग्नाला गेलेला असताना ट्रॅक्टरला ब्लेड लावून माझी बाजू सपाट करून घेतली. पुढच्या पावसाळ्यात पाणी ठिकठिकाणी न साठता सगळीकडं सारखं साठलं.

तू आलास, चिखलात उभा राहिलास आणि हसलास. मला आजही ते हसणं आठवलं की हातात काय असेल ते आपटावंसं वाटतं. म्हणालास, आधी तुझं रान फ्लॅटबी नव्हतं अन् लेव्हलबी नव्हतं, आता फ्लॅट झालं. मी म्हणाले, मग उपाय सांग. उपाय सोपा होता, तो मलाही माहीत होता आणि तुलाही. दोघांच्या रानाच्या मधे आडवा चर काढायचा, वरून येणारं पाणी चरात उतरणार, चर ओढ्याला जाणार. एका दिवसाचं काम. तू हूं म्हणालास आणि इकडचं तिकडचं बोलायला लागलास.

ते हूं मी किती वर्षं ऐकलं, अण्णा. जगातल्या कुठल्याही दोन शब्दांतला फरक तू उभ्या उभ्या सांगायचास, पण चर म्हटलं की तुझी वाचा बसायची. कधी म्हणायचास यंदा पाऊस बघू. कधी म्हणायचास कोरड्या वर्षी माझ्याच पाण्यावर तुझी तूर उभी राहते, तेव्हा कामून बोलत न्हाईस? हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग यायचा. ओल्या वर्षी मी बरोबर, कोरड्या वर्षी तू बरोबर, आणि वर्षं येणार आपल्या मर्जीनं.

यंदा पाऊस थांबायचं नाव घेईना. मी तुला रानात बोलावून घेतलं. पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडून, चिखलात चप्पल हातात घेऊन तू आलास, आणि येताना लांब फळी आणि पाणसळ आणलीस. मला वाटलं, आता तरी. तू फळी मांडलीस, तिच्यावर पाणसळ ठेवलीस, फळीच्या ओढ्याकडच्या टोकाखाली बोट सरकवून बुडबुडा नळीच्या मधोमध आणलास. "बघ. फळीमागं एक बोट उतार. डोळ्याला दिसत न्हाई, पाण्याला दिसतंय."

"मग काढ की चर," मी म्हणाले.

तू फळी पुसत बसलास. बराच वेळ पुसलीस. मग माझ्याकडं न बघता म्हणालास, "चर काढला की दोन रानं व्हतेत, सुमे."

"पहाणीच्या कागदावर कवाच दोन झालेत. तूच केलीस."

"पहाणीला काय कळतंय."

मी म्हणाले, तुला शब्दांतला फरक दिसतोय, बहिणीच्या रानातलं पाणी दिसत न्हाई. आणि मी घरी आले. मी ते बोलले याचं मला वाईट वाटत नाही, अण्णा. ते खरं होतं आणि आजही खरं आहे. वाईट याचं वाटतं की तू त्याला उत्तर दिलं नाहीस. उत्तर न देता गप्प बसणं तुझ्या स्वभावात नव्हतं. तू उलटून बोलला असतास, माझं वाक्य दुरुस्त केलं असतंस, तर मला बरं वाटलं असतं.

दसऱ्याला सोनं द्यायला आलास. चहा प्यालास, माझ्या ओट्यावर सवयीनं पाणसळ ठेवलीस, बुडबुडा बघून तोंड वाकडं केलंस. चरावर तू काही बोलला नाहीस, मीही नाही. जाताना चप्पल घालता घालता दारात थांबून एवढंच म्हणालास, "येळवशीला बोलू." मी म्हणाले, बघू. दिवाळीनंतर तू गेलास. तर आपलं शेवटचं बोलणं हे असं आहे, एक तारीख ठरवणं, आणि ती तू पाळली नाहीस.

तुला तुझ्याच रानात, वरच्या बाजूला, नेलं. मग तिथं समाधीचा ओटा बांधायचा निघाला. सचिन हैदराबादहून आलेला, त्याला चार दिवसांत परत जायचं होतं. गवंडी आला, चौकोन आखला आणि सचिनला विचारलं, वरची बाजू लेव्हल घेऊ का उतार देऊ? तुझ्या पोराला काही कळेना. त्यानं माझ्याकडं बघितलं, वहिनीनं माझ्याकडं बघितलं, गवंड्यानंही बघितलं. सगळ्या गावाला माहीत आहे की हा प्रश्न कुणाच्या घरचा आहे. मी म्हणाले, उतार दे, न्हाईतर वर पाणी साठंल. गवंडी म्हणाला, उतार कुठल्या अंगाला काढू?

तेव्हा मला हसू आलं. खरंच आलं, तोंडाला पदर लावावा लागला, आणि वहिनीनं मला जवळ घेतलं, तिला वाटलं मला हुंदका आलाय. कारण उतार निघणार ओढ्याकडं, म्हणजे माझ्याकडं. मेल्यावरसुद्धा तुझ्या अंगावरचं पाणी माझ्याच रानात येणार.

त्याच दिवशी सचिननं चराचा विषय काढला. कुणीतरी त्याच्या कानावर घातला असणार. बुटाची लेस बांधत होता. म्हणाला, "आत्या, चर कुठनं काढायचा तितनं काढा. माझं काय न्हाई." आणि दुसऱ्या बुटाकडं वळला. पोरगा मनानं चांगला आहे, त्याला वाटलं आत्याचं ओझं उतरवलं. पण ज्या एका होकारासाठी मी तुझ्याशी इतके पावसाळे भांडले तो मला असा, दोन लेसांच्या मधे मिळाला. मला तो त्याच्याकडून नको होता. मला तो तुझ्याकडून हवा होता, आणि आधी तू माझ्याशी नीट भांडायला हवा होतास.

मग येळवस आली, मार्गशीर्षातली वेळा अमावस्या.

यंदा आपल्याकडं सण नाही. गावात सगळ्यांच्या रानात कडब्याच्या खोपटासारख्या कोपी उभ्या राहिल्या, भज्जी, आंबील, उंडे, पाहुणेरावळे, पोरांचे झोके. आपण गप्प बसावं असं भावकीचं मत होतं. वहिनी म्हणाली, पाहुणे नकोत, गोडधोड नको, पण काळ्या आईला नैवेद्य चुकवायचा नाही, आणि दूध उतू घालायचं तेवढं घालू. तर आम्ही दोघीच गेलो. जुजबी कोप उभी केली, दरवर्षीच्याच जागी, तुझं रान संपतं आणि माझं सुरू होतं तिथं. पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले. आंबील शिंपडली.

दुधाचं तर तुला माहीतच आहे. दिवस कलला की मातीच्या बोळक्यात दूध तापवायचं आणि ज्या दिशेला उतू जाईल ती दिशा यंदा पिकणार. आपल्याकडं त्याची चूल तू मांडायचास. कधीतरी शहाबादी फरशीचा एक तुकडा आणून तू तिथं पुरला होतास, तिच्यावर तीन दगड. मी ओढ्याकडच्या अंगाला बसायचे, तू समोर. आणि दरसाल दूध माझ्याकडं यायचं. लोक म्हणायचे, बाईची बाजू पिकणार बघा. तू दाढी खाजवत म्हणायचास, "बघ, औंदा तुझीच बाजू." मी म्हणायचे, पिकायली न्हाई, पाण्यात बसायली. दूध काय अन् पाणी काय, तुझ्याकडचं सगळं माझ्याकडंच यायलंय. उतार आहे म्हणून येतंय, त्यात देवाचं काय, हेही मी तुला ऐकवायचे. तू हसायचास.

वहिनीनं पिशवीतून बोळकं काढलं आणि त्याच्याबरोबर तुझी पाणसळ काढली. म्हणाली, त्यांच्या पिशवीतच होती, तशीच उचलून आणली. मी ती हातात घेतली. काही करायचं म्हणून फरशीवरची माती पुसली आणि ठेवली. बुडबुडा तुझ्या बाजूला पळाला आणि नळीच्या टोकाला जाऊन चिकटला. बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो, हे तू शिकवलेलं. पण फळीमागं बोटभर उतार असलेल्या रानात हातभर फरशी एवढी कलती असायचं कारण नव्हतं. एवढा हिशेब मलाही येतो.

मी विळ्यानं फरशीची तुझ्याकडची कड उचकटली. खाली कौलाचा तुकडा सारलेला होता. नीट घासून पाचरीसारखा केलेला, आणि त्याच्या खाली मातीत आणखी जुन्या तुकड्यांचा चुरा होता.

मी वहिनीकडं बघितलं. ती दुधात काडीकचरा पडलाय का बघत होती, जसं काही दूध बघण्याइतकं दुसरं काम नाही.

"मला ठावं हुतं, बाई," ती म्हणाली. "आदल्या दिशी कोप बांधायला म्हणून यायचे, तवा बसवायचे."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगू नको म्हणले. म्हणले, तिला कळंल, तिला शिकवलंय मी."

मला काय कळणार होतं, अण्णा? सणाच्या दिवशी कोण चुलीखाली पाणसळ लावून बघतं? तू बघतोस, जगात दुसरं कुणी बघत नाही. आणि तू समोर बसलेला असताना मी तुझी फरशी कशाला तपासू? ज्या माणसानं लोकांच्या देवाचे पाट तपासले त्याची स्वतःची चूल वाकडी असेल असं कुणाच्या मनात येईल? दरसाल तू गुपचूप येऊन माझ्याकडं कलती चूल मांडायचास, मग समोर बसून दूध माझ्याकडं येताना बघायचास, आणि लोकांनी माझी बाजू पिकणार म्हटलं की खूश व्हायचास. तुला माझी बाजू पिकायला हवी होती. हे मला आधी कळलं असतं तर मी तुझ्याशी कमी भांडले असते का? नाही. जास्तच भांडले असते. कारण मला दूध नको होतं, चर हवा होता. कौलाचा तुकडा घासून बसवायला तुला दरसाल वेळ होता, एकदा व्हय म्हणायला नव्हता. असं कुणी माया करतं का, की बहिणीच्या वाट्याला नशीब ढकलायचं आणि पाणीही तिच्याकडंच सोडायचं?

मी तिथं बसून रडले. तू गेलास त्या दिवशी रडले नव्हते तेवढी. वहिनीनं गोवऱ्या पेटवल्या.

मग मी तो तुकडा काढला आणि फरशीच्या माझ्याकडच्या कडेखाली सारला. तीन दगड मांडले, बोळकं ठेवलं. वहिनीला कळलं मी काय करतेय. ती उठून माझ्या बाजूला येऊन बसली, तुझी जागा मोकळी ठेवून. दूध चढायला वेळ लागला. चढलं, काठावर थांबल्यासारखं झालं आणि तुझ्याकडं गेलं. दगडावरून फरशीवर, फरशीवरून मातीत, तुझ्या ओट्याच्या दिशेनं. यंदा तुझी बाजू, अण्णा. तिथं आता ओट्याभोवती काय पिकणार ते मला माहीत नाही.

पण एक ऐकून ठेव. चर मी काढणार आहे. तुझी पाचर सापडली म्हणून मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. परवा जेसीबीवाला जागा बघून गेला. त्यानं विचारलं, कोपीच्या वरनं घेऊ का खालनं? वरनं घेतला तर कोपीची जागा माझ्याकडं येते, खालनं घेतला तर तुझ्याकडं राहते. तू असतास तर या प्रश्नावर आपण दोन महिने काढले असते. मी म्हणाले, खालनं घे. कोपीची जागा तुझ्याकडं राहील, आणि दरसाल मी चर ओलांडून तुझ्याकडं येईन. दोन रानं झाली तर झाली.

ओलांडायला वर काहीतरी टाकावं लागेल. तू आणलेल्या शहाबादी फरशीचा उरलेला लांब तुकडा अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे, तोच टाकणार आहे, एक टोक तुझ्या काठावर आणि एक माझ्या. फ्लॅट तर ती आहेच. लेव्हल बसवायची झाली तर एका काठावर मी पाणसळ धरून बसेन, आणि बुडबुडा इकडं तिकडं पळत असताना समोरच्या काठावरून जरा उचल, जरा दाब, एवढं सांगायला तू नसशील.